तीन वाजताचं ऊन

त्या वर्षी मार्चच्या पहिल्या रविवारी देशातली सगळी घड्याळं एक तास पुढं सरकली. आमच्या वेधशाळेतलं तेवढं सरकलं नाही.

मी हेमराज उरकुडे, त्या वेधशाळेत हवामान निरीक्षक. गाव पूर्व विदर्भातलं, कोळशाच्या खाणींचं. नाव सांगत नाही, कारण जी चूक झाली ती गावाची नव्हती. उन्हाळ्यात देशात सर्वांत जास्त तापमान कुठं, अशी बातमी आली की आमचं गाव पहिल्या तिनांत असतं आणि लोक त्याचाही अभिमान बाळगतात. दुसरं काही मिरवायला नसलं की माणूस उन्हाळासुद्धा मिरवतो.

वेधशाळेचं घड्याळ का सरकत नाही, ते आधी सांगतो. जगातल्या सगळ्या वेधशाळा एकाच क्षणी नोंद घेतात. आम्ही सकाळी साडेआठला पारा वाचतो, तेव्हा पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूलाही कुणीतरी बॅटरीच्या उजेडात आपला पारा वाचत असतो. या नोंदी एकत्र मांडल्या की हवामानाचा नकाशा तयार होतो. एखाद्या गावानं आपलं घड्याळ मनानं पुढं केलं, तर त्या गावावरचं वादळ नकाशात तासभर चुकीच्या जागी दिसेल. म्हणून सरकार बदलो, वेळ बदलो, आमचं घड्याळ तेच. नोकरीची बावीस वर्षं मी एकाच वेळेत राहिलो. नोंदवहीत आम्ही 'पंधरा वाजता' असं लिहितो, पण कोणत्या वेळेनुसार पंधरा, ते कधीच लिहीत नाही. आमच्याकडं दुसरी वेळच नाही, तर लिहिणार काय?

नव्या वेळेला सरकारी नाव 'उन्हाळी वेळ'. लोक तिला नुसतं 'नवी' म्हणत. मार्चभर गावात सगळीकडं एकच प्रश्न चाले, "नवी का जुनी?" लग्नपत्रिकांवर मुहूर्ताखाली बारीक अक्षरात 'जुनी वेळ' छापून येऊ लागलं. आमच्या शेजारच्या सोनाराचं जावयाशी पहिलं भांडण त्याच कारणावरून झालं. जावई जेवायला नव्या बाराला आला, सासूनं भात जुन्या बारासाठी टाकला होता.

कल्पना तशी मूर्खपणाची नव्हती. तोवर देशात सूर्याची वीज मुबलक झाली होती. छपरांवर, माळांवर, कालव्यांवर सौर पत्रेच पत्रे. दुपारी इतकी वीज तयार होई की घ्यायला कुणी नसे, आणि सूर्य बुडाला की सगळा देश एकदम दिवे, पंखे आणि विजेच्या शेगड्या लावून बसे. ती संध्याकाळची वीज पुन्हा कोळसा जाळूनच करावी लागायची. मग कुणीतरी म्हटलं, सूर्य काही तासभर उशिरा मावळणार नाही, तेव्हा माणसांनाच तासभर आधी घरी पाठवा. स्वयंपाक उजेडात होईल, दिवे उशिरा लागतील, कोळसा वाचेल. थंड देशांनी हे शंभर वर्षांपूर्वी केलं होतं आणि त्याचा उपयोग होतो की नाही यावर ते तेव्हापासून भांडत आहेत.

मला तेव्हा ते पटलं होतं. पोरं संध्याकाळी उजेडात खेळत, बाया उजेडात घरी पोचत, त्यात वाईट काय? वाईट काय ते एप्रिलमध्ये दिसलं. आमच्याकडं माणूस पाचला कचेरीतून सुटे तो जुन्या चारच्या उन्हात. घरी आला की आधी कूलर लावी, आणि तो कूलर रोजच्यापेक्षा तासभर जास्त चाले. दिव्यांत जे वाचलं ते कूलरनं खाल्लं आणि वर आणखी मागितलं. पण तो मुद्दा विजेचा झाला. माझा मुद्दा वेगळा आहे.

उन्हाळी वेळेबरोबर सरकारनं उघड्यावर काम करणाऱ्यांसाठी 'दुपारबंदी' आणली होती. बारा ते चार काम बंद. कागदावरच्या असल्या बंदीला ठेकेदार जुमानत नाहीत, हे सरकारलाही ठाऊक होतं, म्हणून प्रत्येक मजुराच्या मनगटावर एक पट्टी आली. बाराला ती लाल व्हायची. लाल असताना हात कामासारखा हलला तर पट्टीला कळे आणि दंड ठेकेदाराला बसे. चारला ती हिरवी होऊन वाजायची. हिरवी झाल्यावर पंधरा मिनिटांत टोळीनं काम सुरू केलं नाही, तर सगळ्या टोळीचा अर्धा दिवस गैरहजर लागे. पट्टीनं ऊन स्वतःच का मोजू नये, असं कुणीही विचारेल. विचारलं होतं. पण उन्हात तापलेल्या मनगटावर बसून हवेचं तापमान खरं मोजता येत नाही. पट्टीचा पत्राच तापतो आणि ती भलताच आकडा दाखवते. म्हणून जिल्ह्याच्या समितीनं ठरवलं, पट्टी घड्याळावर चालवू आणि धोक्याचे तास वेधशाळेला विचारू.

ते पत्र डिसेंबरात माझ्याकडं आलं. दहा वर्षांच्या नोंदी काढून मी तक्ता केला. ऊन डोक्यावर येतं बारा-सव्वाबाराला, पण हवा सर्वांत तापते ती तीनच्या सुमाराला. चुलीवरून भांडं उतरवल्याशिवाय पाणी निवायला लागत नाही, तसंच जमिनीचं. सूर्य कलू लागला तरी जमिनीत उतरणारी उष्णता बाहेर पडणारीपेक्षा जास्तच असते, आणि हे पारडं तीन-साडेतीनला फिरतं. मी तक्त्याखाली लिहिलं, 'सर्वांत धोक्याचे तास : १२ ते १६.' खाली सही केली. समितीनं ते जसंच्या तसं उचललं.

मला माझा तक्ता फार नेटका वाटला होता.

माझी मोठी बहीण सुगंधा रस्त्याच्या कामावर मुकादम होती. आमच्याकडं मोठ्या बहिणीला 'बाई' म्हणतात, मीही तिला बाईच म्हणायचो. मी नऊ वर्षांचा असताना आई गेली आणि बाई सोळाव्या वर्षी गिट्टी फोडायला गेली. तिनं डोक्यावर घमेलं घेतलं म्हणून माझ्या हातात पुस्तक राहिलं. हे मी कितीही साधेपणानं लिहिलं तरी कमीच आहे. पुढं तिचं लग्न झालं, नवरा खाणीतल्या अपघातात गेला, एक मुलगी राहिली, समीक्षा. बाईच्या टोळीत चौदा बाया होत्या आणि डांबराचं काम तिच्याइतकं सरळ कुणी करत नसे. ठेकेदारसुद्धा तिला 'मोहुर्लेबाई' म्हणे, एकेरीत येत नसे.

एप्रिलच्या पहिल्या सोमवारी वेधशाळेतल्या स्वयंचलित तापमापकाचा पंखा अडकला. एरवी दुपारी मी आत कूलरपुढं बसून पडद्यावर आकडे बघतो, बाहेर जायचं काम पडत नाही. त्या दिवशी मी टोपी घालून आवारात गेलो, पंखा साफ केला आणि पडताळ्यासाठी जुन्या पाऱ्याच्या नळीत बघितलं. पंचेचाळीस पूर्णांक आठ, अजून चढत होता. माझ्या घड्याळात बरोबर तीन वाजले होते.

कुंपणापलीकडं केबलचा चर खणणारे सहा-सात जण कडुनिंबाखाली पडले होते. तेवढ्यात त्यांच्या मनगटांवरून एकदम टीं-टीं असा आवाज आला. ते उठले, फावडी घेतली आणि उन्हात उतरले.

मला वाटलं, पट्ट्या बिघडल्या. मी हाक मारली, "भाऊ, किती वाजले?"

"चार वाजले नं साहेब," एकजण म्हणाला. "पट्टी हिरवी झाली."

मी आत आलो. तक्त्याची माझी प्रत काढली. बारा ते सोळा. कुठंही 'जुनी वेळ' लिहिलेलं नव्हतं, 'प्रमाणवेळ' लिहिलेलं नव्हतं, काहीच नव्हतं. मी तास माझ्या घड्याळाचे लिहिले होते आणि समितीनं ते आपल्या घड्याळाचे समजून वाचले होते. सकाळचा एक बरा तास लोक सावलीत घालवत होते, आणि जेव्हा हवा सर्वांत तापलेली असते, नेमकं तेव्हा पट्टी त्यांना हाक मारत होती. जिल्ह्यात अशा पट्ट्या होत्या एकसष्ट हजार.

त्याच क्षणी फोन उचलायचा होता. समितीचा नंबर भिंतीवर लिहिलेला होता.

मी उचलला नाही. मी पडताळणी करायचं ठरवलं. पडताळणी हा शब्द सरकारी माणसाला अडचणीत देवासारखा पावतो. मंगळवारी मी मार्चच्या नोंदी पुन्हा लावल्या, बुधवारी एप्रिलच्या. निघायचं तेच निघालं. त्या दोन दिवसांत मी मोजत होतो ते वेगळंच. तक्त्याखाली एकच सही होती, माझी. वर्षाअखेर बढतीची यादी निघणार होती. आजवर माझ्या नोंदीत चूक निघाली नव्हती आणि लोक मला 'उरकुडे म्हणजे काट्यावर' म्हणत, ते ऐकायची सवय लागली होती. भीती वाटत होती, असं सरळ म्हणायला हवं.

गुरुवारी मी आमच्या साहेबांना, बारसागड्यांना, सांगितलं. माणूस वाईट नाही. निवृत्तीला अकरा महिने राहिलेला माणूस जेवढा भला असतो तेवढा भला.

"पत्र करा," ते म्हणाले. "पण 'चूक' नका लिहू, उरकुडे. आपण चूक म्हटलं की वरचे विचारणार, कोणाची. 'नव्या वेळेच्या अनुषंगाने फेरविचार व्हावा' असं काहीतरी लिहा."

"साहेब, फोन केला तर?"

"फोनचं रेकॉर्ड राहते का? करा पत्र, मी सही देतो."

मी पत्र केलं. त्यांनी एक वाक्य बदललं. मी ते बदलून नेलं तेव्हा मला माझंच एक वाक्य खटकलं. 'निरीक्षकाने वेळेचा उल्लेख न केल्याने' असं मी लिहिलं होतं. ते मी 'वेळेचा उल्लेख नसल्याने' असं केलं. निरीक्षक वाक्यातून गेला. मग शनिवार आला, कचेरीला सुट्टी.

रविवारी मी बाईकडं गेलो. समीक्षा वाचनालयात गेली होती, नर्सिंगच्या परीक्षेचा अभ्यास करत होती. बाईनं माठातलं पाणी दिलं आणि समोर खाली बसली. तिचा चेहरा त्या महिन्यात काळवंडला होता, ओठ फुटले होते.

"बाई, तू उद्यापासून चारला कामावर उतरू नको," मी म्हणालो. "पाचला उतर."

"काऊन?"

मी सगळं सांगितलं. तिला दोनदा सांगावं लागलं नाही. ती थोडा वेळ पदरानं वारा घेत राहिली.

"म्हून," ती म्हणाली. "मी म्हणो, सकाळचं चांगलं उन्ह वाया जाते अन् चारले आग पडते. मले वाटलं, माह्यंच वय झालं." मग एकदम थांबली. "टोळीतली बेबीबाई रोज कुरकुर करते, मुकादमीण, हे उन्ह सोसत नाई म्हून. अन् मी तिले काय सांगतो, ठाव हाय? म्हणतो, गप वो, माह्या भावानं काढलेली वेळ हाय ते. वेधशाळेतून."

मला तिच्याकडं बघवेना.

"कधी समजलं तुले?"

"सोमवारी."

"आज रईवार हाय, बाबू."

"पडताळणी करत होतो."

तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं लहानपणी शाळा बुडवल्यावर बघायची. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मंग आता कायले मले एकटीले सांगतो? मी सावलीत बसू अन् चौदा बाया उन्हात धाडू? माही पट्टी चालू झाल्याबिगर टोळी चालू होत नाई. सगळ्याइचा अर्धा दिवस जाईन. असे दोन दिवस गेले का ठेकेदार टोळीच बदलवते. सांगाचं असन तर सगळ्याइले सांग. कलेक्टरले सांग."

"पत्र गेलंय वर," मी म्हणालो.

गेलं नव्हतं. ते बारसागडे साहेबांच्या टेबलावर होतं. का खोटं बोललो? तिला वाईट वाटू नये म्हणून, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला स्वतःला वाईट दिसायचं नव्हतं.

"किती दिवस लागतीन?"

"दोन-तीन."

"मंग दोन-तीन दिवस कळ काढतो आमी," ती म्हणाली. "महिना काढला, तर दोन दिवस काय होते?" आणि उठून माझ्यासाठी ज्वारीची भाकर टाकायला गेली.

सोमवारी बारसागडे साहेब नागपूरला बैठकीला गेले. मंगळवारी त्यांनी पत्र पुन्हा वाचलं, पत्रात 'अनुषंगाने' दोनदा आलंय म्हणाले. बुधवारी सकाळी अकराला ते पाठवलं. मी स्वतः बटण दाबलं आणि मला फार हलकं वाटलं. त्या दिवशी मी डबाही नीट खाल्ला.

माझ्या घड्याळात तीन पंचवीस झाले असताना बेबीबाईचा फोन आला.

गावाबाहेरच्या वळणरस्त्यावर काम चालू होतं. मी मोटारसायकलवर पोचलो तेव्हा बायांनी बाईला पाण्याच्या टँकरच्या सावलीत निजवलं होतं. कुणी पाणी ओतत होतं, कुणी पदरानं वारा घालत होतं. मी तिच्या कपाळावर हात ठेवला. कातडी कोरडी होती आणि तव्यासारखी तापलेली. माणसाचं शरीर घाम वाळवून स्वतःला निववतं. रक्त एकेचाळीसच्या वर तापलं की मेंदूतली ती व्यवस्था कोलमडते, घाम थांबतो आणि मग आतली उष्णता आतच राहते. हे मी शाळांमधून पोरांना समजावून सांगत आलो आहे.

ती मला ओळखत नव्हती. "मुकादम कुठं गेली?" असं ती पुन्हा पुन्हा विचारत होती. "मुकादमीणले बोलवा, टोळी थांबली हाय."

तिच्या मनगटावरची पट्टी हिरवी होती. ती थांबून थांबून वाजत होती, कारण टोळीचं काम बंद पडलं होतं.

दवाखान्यात बर्फ लावला, सलाईन लावली. तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "उन्हात किती वाजेपासून?"

"चारपासून," बेबीबाई म्हणाली.

"म्हणजे वीस-पंचवीस मिनिटंच. आणि तेही बंदीनंतर." त्यांनी हातातल्या डिजिटल पाटीवर खूण केली. 'दुपारबंदीच्या काळात काम केले का?' 'नाही.' तशी खूण होताच खालच्या यादीतून उष्माघाताचा पर्याय आपोआप पुसट झाला. त्यांनी दोनदा दाबून बघितलं, मग वैतागून 'इतर' निवडलं आणि उपचार मात्र उष्माघाताचेच केले. त्यांचा दोष नाही.

गुरुवारी उजाडता उजाडता बाई गेली. समीक्षा तिच्या पायाशी बसली होती. तिनं आईच्या हातावरची पट्टी काढली, टेबलावर ठेवली आणि मग रडली.

त्याच दिवशी दुपारी जिल्ह्याचा आदेश निघाला. माझं पत्र कुणीतरी वाचलं होतं. दुपारबंदी एक ते पाच, नव्या वेळेनुसार. एकसष्ट हजार पट्ट्यांवर तो बदल पोचायला चार मिनिटं लागली, असं पट्टीवाल्या कंपनीच्या माणसानं अभिमानानं सांगितलं. चार मिनिटं. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात, पण हा झोपा बांधायला लागणारं सगळं सामान दहा दिवस माझ्या हाताशी होतं.

एक मेला झेंडावंदनानंतर मला प्रशस्तिपत्र मिळालं. 'नव्या वेळेतील संभाव्य धोका वेळीच निदर्शनास आणून दिल्याबद्दल.' बारसागडे साहेबांनी माझं नाव सुचवलं होतं. त्यांना खरंच वाटत होतं की मी चांगलं काम केलं. "तुमच्या बहिणीच्या आत्म्याला बरं वाटलं असेल," असं म्हणताना त्यांचे डोळे भरून आले होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मंचावर उभा होतो आणि टाळ्या संपायची वाट बघत होतो. तिथं काही बोलावं, एवढं धैर्य माझ्यात नव्हतं.

उन्हाळी वेळेनं किती साधलं, याचा अहवाल पुढं आला. देशभरात एक टक्क्याहून थोडा कमी कोळसा वाचला. आमच्या विभागात खर्च वाढला, पण सरासरीत ते दिसत नव्हतं. आमच्या बाईसारखी किती माणसं त्या एका महिन्यात गेली, हे त्यात नव्हतं. असणार कसं? ती सगळी 'इतर'मध्ये होती. पुढच्या वर्षीही वेळ सरकणार, हे ठरलं होतं. वर्तमानपत्रात तज्ज्ञ भांडत होते, उपयोग आहे की नाही. मी ते वाचत नसे.

झेंडावंदनाहून मी घरी गेलो, प्रशस्तिपत्र खुर्चीवर टाकलं, आणि जेवण झाल्यावर समीक्षाकडं गेलो. तेरावं होऊन तीन दिवस झाले होते. नातेवाईक परतले होते. ती एकटीच होती, आईच्या साड्या घडी करून पेटीत ठेवत होती. तिनं मला पाणी दिलं.

"मामा, आजच्या पेपरात सत्काराच्या यादीत तुह्यं नाव आलं," ती म्हणाली. "बेबीमावशी दाखवत होती."

"हो."

"आई असती तर पेपर घेऊन गावभर फिरली असती." ती हसली, पण पुरतं हसू आलं नाही. "त्या रईवारी मी घरी आली तवा आई सांगत होती. म्हणे, मामाले काल शनिवारी समजलं अन् आज धावत आला. पत्रही धाडलं म्हणे. म्हणे, तुह्या मामासारखा माणूस नाई, काट्यावर चालते." तिनं हातातली साडी खाली ठेवली. "मी लय विचार करतो, मामा. चारच दिवस. तुले चार दिवस आधी समजलं असतं तर आई असती. पण तुह्या हातात काय होतं? तुले समजलं तसा तू आला."

मी पाण्याचा पेला धरून बसलो होतो. ती माझ्याकडं बघत होती, आणि तिच्या बघण्यात राग नव्हता. तिच्याकडं आता माझ्याशिवाय कुणी नव्हतं. मी नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. बाईनं माझ्यासाठी तसं सगळं लावून ठेवलं होतं.

"शनिवारी नाही," मी म्हणालो. "त्याच्या आधीच्या सोमवारी कळलं मला."

तिनं पेटी बाजूला सरकवली.

"आणि पत्र गेलं म्हणून मी तुझ्या आईला सांगितलं, तेव्हा ते गेलं नव्हतं. ते गेलं बुधवारी सकाळी."

मी तिला तक्त्याचं सांगितलं, सहीचं सांगितलं, वाक्यातून काढलेल्या निरीक्षकाचंही सांगितलं. ती बोटांवर दिवस मोजत होती. सोमवार, मंगळवार, बुधवार. दुसऱ्या बुधवारपर्यंत येऊन ती पुन्हा पहिल्या सोमवारपासून मोजू लागली.

"दहावा दिवस," ती म्हणाली.

"हो."

"आईले माहीत होतं? सोमवारचं?"

"सोमवारचं माहीत होतं. पत्राचं नव्हतं."

कूलरमधलं पाणी संपलं होतं आणि तो नुसताच कोरडा घरघरत होता. तिनं उठून तो बंद केला.

"आई माह्याशी कधी खोटं बोलली नाई," ती म्हणाली. "बाबा गेले तवाही खरं सांगितलं, लपवलं नाई. एकदाच बोलली, तुह्यासाठी."

तिनं साडी पुन्हा उचलली, तिची घडी चुकली, पुन्हा घातली. मी वाट बघितली. ती काही विचारेल, ओरडेल, काही फेकून मारेल असं वाटत होतं. ती पेटीकडं तोंड करून बसली होती.

शेवटी मी उठलो. त्या घराच्या पत्र्यावर ऊन तडतडत होतं आणि दारातून बाहेर बघवत नव्हतं. आमच्या भागात अशा वेळी पाहुण्याला कुणी घराबाहेर पडू देत नाही. भांडण झालेलं असलं तरी माणसं म्हणतात, बसा, उन्ह उतरू द्या, मग जा. वैऱ्यालाही म्हणतात.

मी चप्पल घालायला वेळ लावला. समीक्षा काही म्हणाली नाही.

मी बाहेर पडलो आणि घराकडं चालू लागलो.